पाणी मारुतीच्या घोट्यापर्यंत : नाशिकचे चार दिवस

सोमवार

आज श्रावणी सोमवार आहे हे बसमध्ये चढल्यावर लक्षात आलं. संगमनेरहून सकाळी सहाला सुटणारी नाशिक गाडी एरवी अर्धी रिकामी असते. आज त्र्यंबकला निघालेल्या बायाबापड्यांनी ती दारापर्यंत भरली होती. सिन्नरपर्यंत उभ्यानंच गेलो. मोहदरीच्या घाटात खिडकीजवळ जागा मिळाली, तोवर पाऊस लागला होता.

माझं संगमनेरला मेडिकल आहे. बावीस वर्षं झाली. नाशिकला देवदर्शनाला नव्हे, एका गटासोबत चार दिवस राहायला निघालो होतो. कॅन्सरच्या रुग्णांना त्यांच्या घरी जाऊन बघणारा हा छोटा गट आहे. आजार बरा होवो न होवो, रुग्णाची वेदना आणि त्रास कमी करायचा, या कामाला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. एक डॉक्टर मॅडम, दोन सिस्टर, एक समाजसेविका ताई आणि गाडी चालवणारा एक मुलगा. आमच्या तालुक्यात असं काही उभं करता येईल का, ते मला बघायचं होतं.

ते का बघायचं होतं, हेही लिहितो. २००७ साली माझा थोरला भाऊ तोंडाच्या कॅन्सरनं गेला. तंबाखू आणि चुना, दुसरं कसलं व्यसन नव्हतं. पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात ऑपरेशन झालं, शेक (रेडिएशन) झाला आणि सात महिन्यांनी गाठ परत आली. तिथल्या डॉक्टरांनी कागद हातात दिले आणि म्हणाले, “आता घरी घेऊन जा. करण्यासारखं काही राहिलं नाही.” त्यानंतर दादा बेचाळीस दिवस जगला. माझ्या दुकानात दुखण्यावर जे जे होतं ते सगळं मी त्याला देऊन पाहिलं. डायक्लोफिनॅक, ट्रॅमाडॉल, इंजेक्शनं. कशानं जेमतेम दोन तास जायचे. ओरडायला जबडा उघडत नव्हता, म्हणून रात्री तो खाटेचा लोखंडी पाइप उजव्या मुठीत आवळून धरायचा. ती खाट अजून आमच्या मागच्या खोलीत आहे. पाइपावरचा हिरवा रंग एके ठिकाणी घासून लोखंड दिसतं, बरोबर एका मुठीएवढं.

गटाची जागा पंचवटीत, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर. पोचलो तेव्हा औषधांची मोजणी चालू होती. भिंतीतल्या लोखंडी कपाटाला दोन कुलुपं. एक किल्ली डॉक्टरांकडे, दुसरी मोठ्या सिस्टरांकडे. सिस्टर गोळ्या मोजत होत्या आणि डॉक्टर रजिस्टरमध्ये लिहीत होत्या. किती आल्या, कोणाच्या नावे किती गेल्या, शिल्लक किती. सिस्टरांनी एक पट्टी माझ्या हातात दिली. मॉर्फिन, १० मिलिग्रॅम. दिसायला कुठल्याही साध्या गोळीसारखी. महागही नाही. औषधांच्या धंद्यात बावीस वर्षं काढून ही गोळी मी आज पहिल्यांदा पाहत होतो.

असं का झालं, ते डॉक्टरांनी मोजणी करता करताच सांगितलं. १९८५ साली अमली पदार्थांविरुद्धचा कायदा झाला, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात. हेतू तस्करी रोखायचा होता. पण शिक्षा इतक्या कडक आणि कागद इतके, की मॉर्फिन ठेवायचं म्हणजे वेगवेगळ्या खात्यांचे चार-पाच परवाने आणि त्यांच्या वेगवेगळ्या मुदती. एकाची मुदत सुरू व्हायची तेव्हा दुसऱ्याची संपलेली असायची. रुग्णालयांनी मॉर्फिन मागवणंच सोडून दिलं. १९९७ साली अख्ख्या देशात औषध म्हणून वापरलेलं मॉर्फिन १८ किलोच्या आसपास होतं. एवढ्या मोठ्या देशात, लाखो कॅन्सर रुग्णांत, अठरा किलो! आणि मॉर्फिन बनतं अफूपासून, तर आपला देश कायदेशीर अफू पिकवणाऱ्या मोजक्या देशांपैकी एक. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात परवानाधारक शेतकरी ती पिकवतात, नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते. आपल्या शेतातली अफू परदेशातल्या रुग्णांची वेदना शमवत होती आणि आपला माणूस इथं खाटेचा पाइप धरून झोपत होता.

“सर्वांत मोठं नुकसान वेगळंच झालं,” डॉक्टर म्हणाल्या. “मॉर्फिन न बघताच डॉक्टरांच्या आणि नर्सच्या पिढ्या शिकून बाहेर पडल्या. २०१४ मध्ये कायदा बदलला. मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन अशी सहा औषधं ‘अत्यावश्यक’ ठरवली. आता राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरते. पण हातातली भीती कायद्याच्या कागदानं जात नाही.”

दुपारी मला तीन शब्द शिकवले : तोंडानं, घड्याळानं, पायरीनं. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८६ मध्ये कॅन्सरच्या वेदनेसाठी आखून दिलेली पद्धत. शक्यतो इंजेक्शन नको, गोळी द्यायची. दुखायला लागायची वाट बघायची नाही, ठरल्या वेळी द्यायची. आणि पायऱ्या तीन. पॅरासिटामॉलसारखी साधी औषधं, मग कोडीन किंवा ट्रॅमाडॉल, मग मॉर्फिन. मी ऐकत होतो आणि आठवत होतो. मी दादाला गोळी द्यायचो ती त्यानं मूठ आवळल्यावर. म्हणजे प्रत्येक वेळी उशिरा.

रात्री सिडकोत मावसबहिणीकडे मुक्काम. तिचा उपास होता, माझाही तिथं गेल्यावर आपोआप झाला.

मंगळवार

पहिलं घर काळाराम मंदिराच्या मागच्या बाजूला, एका वाड्यात. लाकडी जिना, अंधारा बोळ, वर दोन खोल्या. आजी सत्तरीच्या पुढच्या. स्तनाचा कॅन्सर, वर्षभर कोणाला सांगितलाच नाही. आता जखम फुटून वाहते.

जिना चढण्याआधी सिस्टर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “भाऊ, वास आला तर चेहरा सांभाळा. पेशंट आधी आपला चेहराच बघतात.” मी मन घट्ट करून वर गेलो. वास नव्हता, म्हणजे जवळजवळ नव्हताच. तीन आठवड्यांपूर्वी हे लोक पहिल्यांदा आले तेव्हा शेजारच्यांनी दारं लावून घेतली होती, सून जेवणाचं ताट उंबऱ्याशी ठेवून मागं फिरायची आणि पहाटेपासून झोपेपर्यंत खोलीत अगरबत्ती जळायची. दिवसाला एक पुडा.

ड्रेसिंग मी पूर्ण पाहिलं. ते लिहून ठेवतो, कारण असे रुग्ण आपल्या सगळ्यांच्याच घरांत आहेत. आम्ही पोचायच्या अर्धा तास आधी मुलाला फोन करून मॉर्फिनची गोळी द्यायला लावली होती. सिस्टरांनी जुनी पट्टी ओढली नाही. सलाइनच्या पाण्यानं थेंब थेंब भिजवली, पाच-सात मिनिटं थांबल्या आणि ती आपोआप सुटली. जखम धुतली. मग मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या, ज्या मी रोज जुलाबासाठी विकतो, त्या दोन चमच्यांत कुस्करून अगदी मऊ पूड केली आणि जखमेवर भुरभुरली. जखमेत वाढणाऱ्या ज्या जंतूंमुळे वास येतो, ते या पुडीनं मरतात. वर जाळी, त्यावर उकळून वाळवलेल्या जुन्या सुती साडीची घडी. विकतचा पॅड नाही. सगळं करताना सिस्टर आजींशी नागपंचमीच्या दिंडांबद्दल बोलत होत्या.

मग त्यांनी विचारलं, “आजी, शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही आणि दहा म्हणजे सहनच होत नाही. तर आज किती?”

आजींनी हात झटकला. “ते आकडे मला नको सांगू. तुम्ही पहिल्यांदा आलात ना, तेव्हा पाणी मारुतीच्या डोक्यावरून होतं. मागच्या आठवड्यात छातीशी होतं. आज घोट्यापर्यंत आहे.”

नाशिककरांना हे सांगायला नको. रामकुंडाजवळ गोदावरीच्या पात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे. पूर आला की सगळं गाव त्याच्यावरून पाणी मोजतं. कमरेला लागलं, छातीला लागलं, गळ्याशी आलं. आजींचं अख्खं आयुष्य त्या घाटाजवळ गेलं, दुसरी कुठली पट्टी त्या वापरणार? सिस्टरांनी वहीत दोनचा आकडा मांडला आणि पुढं लिहिलं, ‘घोटा’.

निघताना सुनेनं चहा दिला. ती खोलीतच होती, आजींच्या पायाशी बसलेली. कोनाड्यात देवापुढं दोन अगरबत्त्या लावलेल्या. दोनच.

तिथून नाशिकरोडला जायचं होतं, पण द्वारकेच्या चौकात अर्धा तास अडकलो. त्या अर्ध्या तासात मी मला पडलेला प्रश्न विचारला. हे सगळं सुरू कधी झालं? सिस्टरांना त्या गोष्टीचा अभिमान आहे, म्हणून त्यांनीच सांगायला घेतलं. इंग्लंडमध्ये सिसिली साँडर्स नावाची बाई आधी नर्स होती. पाठीच्या दुखण्यानं ते काम सुटलं म्हणून रुग्णालयात समाजसेविका झाली. आणि मरणाऱ्या माणसांच्या वेदनेकडे डॉक्टर लक्ष देत नाहीत, हे पाहून चाळिशीला टेकता टेकता स्वतः डॉक्टर झाली. १९६७ मध्ये तिनं लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडलं, म्हणजे बरं न होणाऱ्या रुग्णांची शेवटपर्यंत काळजी घेणारी जागा. वेदना एकट्या शरीराची नसते, मनाची, घरातल्या माणसांची, पैशाची, देवाशी चाललेल्या भांडणाचीही असते, सगळी मिळून एकच वेदना असते, हे तिनं मांडलं.

“आणि आपल्याकडे?”

आपल्याकडे पहिलं हॉस्पिस १९८६ मध्ये मुंबईत, वांद्र्याला माउंट मेरीच्या टेकडीवर. शांती आवेदना सदन. कॅन्सरचे सर्जन डॉ. एल. जे. डिसोझा यांनी सुरू केलं. १९९३ मध्ये कालिकतच्या सरकारी मेडिकल कॉलेजात डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी एका खोलीत बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. पुढच्या वर्षी देशपातळीवरची संघटना झाली. “आणि १९९७ मध्ये,” डॉक्टर पुढच्या सीटवरून म्हणाल्या, “पुण्यात वारज्याला सिप्ला या औषध कंपनीचं असंच केंद्र. पैसे घेत नाहीत. रुग्णासोबत घरच्या एकालाही तिथं राहता येतं.”

मी त्यांना वर्ष परत विचारलं. १९९७.

दादाचे कागद आमच्या हातात पडले ते २००७ साली, त्याच पुण्यात. दहा वर्षांपासून ते केंद्र तिथं चालू होतं. ‘करण्यासारखं काही राहिलं नाही’ असं म्हणणाऱ्या माणसानं एका चिठ्ठीवर एक पत्ता लिहून दिला असता, तर रिक्षानं गेलो असतो. मी इतकी वर्षं समजत होतो, की इलाज नव्हता. द्वारकेच्या चौकात, बाजूला एसटीचा हॉर्न वाजत असताना मला कळलं, की इलाज होता आणि तो आम्हाला कोणी सांगितला नाही. नंतर गाडीत बराच वेळ कोणी बोललं नाही. ताईंनी फक्त पाण्याची बाटली पुढं केली.

नाशिकरोडचे काका प्रेसमधून निवृत्त झालेले. फुप्फुसाचा कॅन्सर, श्वास पुरत नाही. मुलानं फाटकापाशीच गाठलं. “बाबांना काही माहीत नाही. कॅन्सर शब्द काढू नका.” आत काका खाटेवर बसून होते, पुढ्यात टेबल, टेबलावर दोन उशा आणि उशांवर हात टेकून पुढं वाकलेले. असं वाकून बसलं की दम कमी लागतो, हे त्यांना मागच्या भेटीत शिकवलं होतं. चेहऱ्यावर छोटा पंखा. मॉर्फिन इथंही होतं, अगदी थोड्या मात्रेत. श्वासाची घुसमटही त्यानं शांत होते, हे मला नवीन होतं.

डॉक्टरांनी कॅन्सर शब्द काढला नाही. “काका, कशाची काळजी वाटते?” एवढंच विचारलं. काकांनी दोन श्वास घेतले. म्हणाले, “फॅमिली पेन्शनच्या कागदावर हिचं नाव नीट लागलंय का बघा. आधारवर माहेरचं राहिलंय. मी नसताना ती कुठं खेटे घालणार?” ताईंनी जमिनीवर बैठक मारली आणि कपाटातली पिशवी मागितली. सगळे कागद एकेक करून पाहिले, काय जोडायचं ते लिहून घेतलं. मुलगा स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभा होता. नळाखाली भांडं नव्हतं.

दुपारी मिसळ खाल्ली. नाशिकला येऊन ती राहून जाऊ नये, असं सगळ्यांचंच म्हणणं पडलं.

बुधवार

पेठ तालुका. सकाळी सातला निघालो. सावळघाटात इतकं धुकं, की गाडीवाल्या मुलानं दिवे लावले. करंजाळीनंतर दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, वरच्या उतारावर नागली आणि वरई. डांबरी रस्ता सोडल्यावर शेवटचे दोन किलोमीटर चालत गेलो, चपला हातात घेऊन.

वाटेत केरळचा विषय निघाला, कारण मी विचारलं होतं, की एवढ्याशा गटानं जिल्हा कसा पुरा पडायचा? डॉक्टर म्हणाल्या, पुरा पडतच नाही. केरळात मलप्पुरममध्ये हे काम डॉक्टरांवर सोडलंच नाही. गावातल्या माणसांना थोडं प्रशिक्षण दिलं. आजारी कोण आहे हे तीच शोधतात, घरी जातात, वर्गणी काढतात, त्या घरात तांदूळ आहे की नाही तेही बघतात. डॉक्टर आणि नर्स त्यांच्या पाठीशी. २००८ मध्ये केरळ सरकारनं पॅलिएटिव्ह केअरचं धोरण केलं, देशातलं पहिलं. दुसरं राज्य महाराष्ट्र, २०१२ मध्ये. त्याच वर्षी केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रम आला आणि मुंबईत टाटा रुग्णालयात या विषयाचं एमडी सुरू झालं. आपल्या राज्यात सरकारी यंत्रणेतून ही सेवा द्यायचा प्रयोग ज्या जिल्ह्यांपासून सुरू झाला, त्यांत नाशिक होता. आता उपकेंद्राच्या स्तरावरही ही सेवा द्यायची, असं केंद्राच्या योजनेत लिहिलेलं आहे. लिहिलेलं आहे आणि पाड्यावर पोचलेलं आहे, यांत सावळघाटाएवढा चढ आहे, हे मी आज चालून पाहिलं.

पाड्यावर आशाताई वाट बघत होती. फोनला रेंज नाही, म्हणून ती रोज संध्याकाळी टेकाडावर चढून सिस्टरांना फोन करते. तिच्याच भरवशावर हे घर चाललंय.

कुडाच्या भिंती, शेणानं सारवलेली जमीन. बाबा साठीच्या आतबाहेरचे. जिभेचा कॅन्सर. सुरुवातीला मुलगा त्यांना मुंबईला टाटात घेऊन गेला. परळला तीन आठवडे काढले, त्यातले पहिले सहा दिवस फुटपाथवर. आजार पसरलेला होता. परत आले. नाकातून नळी आहे, तिच्यातून नागलीची पेज जाते. सुनेनं पेज फडक्यातून तीनदा गाळून घेतली, कोमट आहे का ते मनगटावर थेंब टाकून पाहिलं, तान्ह्या बाळाचं दूध बघतात तसं. गोळीही कुस्करून, पाण्यात विरघळवून त्याच नळीतून.

आता तो कागद. कुडाला बाभळीच्या काट्यानं टोचलेला, वहीचं एक पान. घरात घड्याळ वाचणारं दिवसभर कोणी नसतं, म्हणून आशाताईनं स्वतः काढलेला. पहिल्या चौकोनात कोंबडा, म्हणजे सकाळचे सहा. दुसऱ्यात सूर्य, दहा. तिसऱ्यात भाकरीचं ताट, दोन. चौथ्यात घरी परतणारी गुरं, संध्याकाळचे सहा. शेवटी चांदणी, रात्रीचे दहा. प्रत्येक चित्राखाली एक वाटोळं, चांदणीखाली दोन. रात्रीची मात्रा दुप्पट असते, म्हणजे मध्यरात्री गोळीसाठी उठावं लागत नाही. खाली कोपऱ्यात वेगळ्या रंगानं एक आडवी रेघ, ते पोट साफ व्हायचं औषध. मॉर्फिननं शौचाला हमखास घट्ट होतं, ते औषध सोबत दिलंच पाहिजे. ‘घड्याळानं’ हा शब्द मी सोमवारी शिकलो होतो. त्याचा अर्थ या पानावर दिसला.

मुलगा मला बाहेर घेऊन गेला. मी मेडिकलवाला आहे हे त्याला कळलं होतं. हळू आवाजात विचारलं, “भाऊ, ही अफूची गोळी ना? बाबाला नशा लागंल का?” हा प्रश्न मला आमच्या गावात शंभर जण विचारतील, म्हणून सिस्टरांनी काय उत्तर दिलं ते नीट ऐकलं. त्या म्हणाल्या, “दुखणाऱ्या माणसाला ही गोळी दुखण्यापुरती लागते. नशा करणारा गोळी घेऊन जगापासून लांब जातो. तुझे बाबा गोळी घेऊन जवळ आलेत की नाही, ते तूच सांग.” मुलगा थोडा वेळ खाचराकडे बघत राहिला. मग म्हणाला, “आवणीच्या वक्ताला त्यांनी मला हाक मारली. रोपं दाट लावलीस म्हणून हातानं खुणा केल्या.”

बाबांना दारात, घोंगडीवर बसवलं होतं. बाहेर पाऊस, समोर त्यांचंच खाचर. ‘पॅलिएटिव्ह’ हा शब्द लॅटिन ‘पॅलियम’वरून आलाय, पॅलियम म्हणजे अंगावर घ्यायचं वस्त्र, असं कोणीतरी मागं सांगितलं होतं. तेव्हा ते माझ्या कानावरून गेलं होतं. आज ती घोंगडी बघून आठवलं. पण मी बघत होतो त्यांचा हात. उजवा हात मांडीवर होता, तळवा वर, बोटं सैल. कशालाही धरलेलं नव्हतं. मी बराच वेळ तो तळवाच बघत होतो, इतका की आशाताईनं विचारलं, “भाऊ, काय झालं?”

दुसरं घर तासाभरावर. पोचलो तेव्हा अंगणात माणसं बसलेली दिसली. ज्यांना बघायला आलो होतो, ते पहाटेच गेले होते. रुग्णालयातून या गटाला चिठ्ठी मिळाली ती आठ दिवसांपूर्वी, आणि आजार दोन वर्षांचा. सिस्टर आत जाऊन बाईंच्या शेजारी बसल्या. काही बोलल्या नाहीत. आम्ही बाहेर भिजत उभे. परतताना डॉक्टर चिडलेल्या होत्या, या चार दिवसांत एकदाच. “सगळं संपलं की आमची आठवण होते. ही सेवा निदान झालं त्या दिवसापासून, केमोबरोबर, शेकाबरोबर द्यायची असते. वेदना काय शेवटच्या आठवड्यात येते?”

गुरुवार

परतीची गाडी दुपारची होती. सकाळी एकटाच रामकुंडावर गेलो. वर गंगापूर धरणातून पाणी सोडलं होतं, घाटाच्या खालच्या पायऱ्या बुडालेल्या. दशक्रियेसाठी आलेली माणसं वरच्या पायऱ्यांवर विधी करत होती. देशभरातून लोक इथं अस्थी घेऊन येतात, २००७ मध्ये आम्हीही आलो होतो. दादाचा कलश माझ्याच हातात होता. त्या दिवशी मी मनात म्हणालो होतो, ‘सुटला’. आमच्याकडे सगळे तसंच म्हणतात. आज तो शब्द मला सोसेना.

गोदापुलावर माणसं कठड्याला टेकून मारुती बघत होती. पाणी कमरेपर्यंत. एक जण फोनवर कोणाला तरी तेच सांगत होता, “कंबरेला लागलंय, काल गुडघ्याला होतं.”

गटाच्या जागी जाऊन कागदांची यादी घेतली. मॉर्फिन माझ्या दुकानात नको, रुग्णालयात हवं, हे मला आता पटलंय. मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था म्हणून रुग्णालयानं अर्ज करायचा, वेदनाशमनाचं प्रशिक्षण घेतलेला एक तरी डॉक्टर हवा, साठ्याची नोंद आणि कुलूपबंद कपाट हवं, वर्षाचा हिशेब द्यायचा. आमच्याकडचे एक तरुण डॉक्टर प्रशिक्षणाला जायला तयार आहेत. नोंदी ठेवायचं काम मी करीन, तेच तर बावीस वर्षं करतोय. मोठ्या सिस्टरांनी निरोप देताना मेट्रोनिडाझोलच्या पुडीचं प्रमाण परत एकदा माझ्याकडून म्हणून घेतलं.

घरी पोचायला संध्याकाळचे साडेसहा झाले. वहिनींनी पाणी दिलं आणि सवयीनं विचारलं, “नाशिकला पाणी कुठवर होतं?”

“मारुतीच्या कमरेपर्यंत.”

मग मी त्यांना वाड्यातल्या आजींचं सांगितलं. गोळीचं सांगितलं, कोंबड्याच्या आणि चांदणीच्या कागदाचं सांगितलं. वहिनी उभ्याच होत्या. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाल्या, “तेव्हा मिळाली असती का?”

बसमध्ये पूर्ण वेळ मी याच प्रश्नाला घाबरत होतो. खोटं बोलावं असंही मनात आलं होतं.

“पुण्यात मिळाली असती, वहिनी. आपल्याला माहीत नव्हतं.”

त्या मागच्या खोलीत गेल्या. बराच वेळ दिवा लागला नाही. मी हातपाय धुऊन ओट्यावर बसलो. बाहेर आल्या तेव्हा डोक्यावर पदर घेतलेला आणि पायांत चपला होत्या.

“मागच्या गल्लीत ती विडीवाली आहे ना, तिचा गाल महिन्याभरापासून सुजलाय. दुपारनंतर कण्हण्याचा आवाज येतो. चल, आधी तिच्याकडे जाऊन येऊ. जेवण नंतर.”